महामार्गावरचा वायरलेस : स्कॅनरला काय ऐकू येते आणि कायदा काय म्हणतो

नागपूरहून रायपूरकडे निघालेली बस भंडारा, साकोली, देवरी मागे टाकून बाघनदीपाशी राज्याची हद्द ओलांडते. राज्य बदलले तरी रस्ता तोच राहतो, राष्ट्रीय महामार्ग ५३. पुढे राजनांदगाव, दुर्ग, रायपूर आणि मग नवा रायपूरच्या उत्तर अंगाने मंदिर हसौद, आरंग. या वाटेवर टोल नाक्याशी किंवा एखाद्या ढाब्यासमोर उभी असलेली पोलिसांची गाडी तुम्ही पाहिली असेल. तिच्या टपावर साधारण हातभर लांबीची बारीक काठी असते. आतून मधूनच खरखर ऐकू येते, मग कुणाचा तरी घाईचा आवाज, मग 'ओव्हर'.

हा आवाज येतो कुठून, जातो किती दूर, आणि स्कॅनर नावाचे यंत्र घेऊन आपल्याला तो घरबसल्या ऐकता येईल का, हे प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. पहिल्या दोन प्रश्नांना बारावीचे भौतिकशास्त्र पुरते. तिसऱ्याचे उत्तर तंत्राच्या बाजूने 'बऱ्याचदा हो' आणि कायद्याच्या बाजूने 'नाही' असे आहे. अमेरिकेत लोक पोलिसांचा वायरलेस उघडपणे ऐकतात, त्याच्या चित्रफिती तुमच्यापर्यंत पोहोचलेल्या असतात आणि त्यावरून आपल्याकडेही तसेच असेल असा समज होतो. तो समज महागात पडू शकतो. म्हणून या टिपणात तंत्र आणि कायदा दोन्ही एकत्र घेतले आहेत.

टपावरच्या काठीचे गणित

आपल्याकडे पोलिसांचे आवाजी संभाषण मुख्यतः अतिउच्च वारंवारता पट्ट्यात, म्हणजे ज्याला सगळे व्हीएचएफ म्हणतात त्यात चालते. हा पट्टा ३० ते ३०० मेगाहर्ट्झचा. त्यातल्या १५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा भाग गाडीवरच्या संचांना सोयीचा. तरंगलांबी काढा : प्रकाशाचा वेग भागिले वारंवारता, म्हणजे ३०,००,००,००० भागिले १५,००,००,०००, उत्तर २ मीटर. गाडीवरचा अँटेना सहसा तरंगलांबीच्या चौथ्या हिश्शाचा असतो, म्हणजे ५० सेंटिमीटर, प्रत्यक्षात किंचित कमी. काठी हातभर का असते ते आता कळले. उलटही करता येते : काठीची लांबी पाहून पट्ट्याचा अंदाज बांधता येतो. ४५० मेगाहर्ट्झच्या संचाची काठी वीतभरही नसते. कॅलिफोर्नियाची हायवे पेट्रोल वर्षानुवर्षे ४२ मेगाहर्ट्झच्या आसपासचा खालचा पट्टा वापरत आली. त्यासाठी पावणेदोन मीटरहून लांब काठी लागते. लांब तरंग डोंगराच्या कडेवरून थोडे वाकून पलीकडे उतरतात, म्हणून मोठ्या, डोंगराळ प्रदेशात तो त्रास सोसला गेला.

१५० मेगाहर्ट्झचे तरंग मात्र जवळजवळ सरळ जातात. त्यांना अडवते ती पृथ्वीची गोलाई. वातावरणामुळे तरंग थोडे खाली वाकतात, म्हणून रेडिओचे क्षितिज डोळ्याच्या क्षितिजापेक्षा जरा पुढे असते. सूत्र सोपे आहे :

अंतर (किलोमीटर) = ४.१२ × (√पहिल्या अँटेनाची उंची + √दुसऱ्या अँटेनाची उंची), उंची मीटरमध्ये.

दोन जीपगाड्या घ्या. अँटेना जमिनीपासून सव्वादोन मीटरवर. २.२५ चे वर्गमूळ १.५. तेव्हा अंतर ४.१२ × ३ = १२.४ किलोमीटर. ताशी ६० च्या वेगाने हे जेमतेम बारा-साडेबारा मिनिटांचे अंतर झाले, आणि तेही सपाट, मोकळ्या जमिनीवर. शेकडो किलोमीटरच्या महामार्गाला हे पुरणार नाही.

विद्यार्थी पहिला उपाय सुचवतात तो जास्त ताकदीच्या संचाचा. हातातला वॉकीटॉकी साधारण ५ वॅटचा, गाडीतला २५ वॅटचा असतो. पण क्षितिजाच्या आड गेलेल्या गाडीला पाचपट ताकदीनेही फारसा फायदा होत नाही. खरा उपाय उंचीचा आहे. ३६ मीटर उंच मनोऱ्यावर एक पुनःप्रक्षेपक बसवा, ज्याला सगळे रिपीटरच म्हणतात. तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर तेच जास्त ताकदीने पुन्हा पाठवतो. आता जीप ते मनोरा हे अंतर ४.१२ × (६ + १.५) = ३०.९ किलोमीटर. मनोऱ्याच्या एका बाजूची जीप दुसऱ्या बाजूच्या, ६० किलोमीटर दूरच्या जीपशी बोलू शकते.

रायपूरभोवतीचे मैदान सपाट, त्यामुळे तिथे हे गणित बऱ्यापैकी जुळते. दक्षिणेला राष्ट्रीय महामार्ग ३० धरा. अभनपूर, धमतरी, कांकेर करत तुम्ही केशकाल घाटाशी पोहोचता. बारा वळणांसाठी हा घाट ओळखला जातो. तिथे सूत्र बाजूला ठेवावे लागते, कारण मधे डोंगरच उभा असतो. घाटाच्या पायथ्याचा संच आणि माथ्यापलीकडचा संच यांना एकमेकांचे ऐकू येण्यासाठी माथ्यावर रिपीटर हवा. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांनी कसारा किंवा खंडाळा डोळ्यांसमोर आणावा.

मोबाइल असताना हे कशाला, असा प्रश्न इथे येतोच. मोबाइलवर एक माणूस एकाशी बोलतो. वायरलेसवर एक बोलतो आणि सगळे ऐकतात, नंबर फिरवावा लागत नाही, उचलण्याची वाट पाहावी लागत नाही. घाटात, जंगलात रेंज नसते. पूर आला किंवा मोठा अपघात झाला की मोबाइलचे जाळे गर्दीने तुंबते. त्यामुळे छत्तीसगडमध्ये २०१८ साली डायल ११२ सुरू होऊन गाड्यांना पडद्यावर संदेश मिळू लागले, तरी आवाजी वायरलेस गेला नाही. आज घटनेची मूळ माहिती पुष्कळदा पडद्यावर येते आणि बाकीची बोलाचाली वायरलेसवर होते. म्हणजे नुसता वायरलेस ऐकणाऱ्याला गोष्ट अर्धीच मिळते.

राज्याची हद्द ही आणखी एक अडचण. प्रत्येक राज्याच्या पोलिसांचे बिनतारी जाळे वेगळे असते. महाराष्ट्राच्या पोलीस बिनतारी विभागाचे मुख्यालय पुण्यात आहे, त्याचा रायपूरच्या नियंत्रण कक्षाशी थेट वाहिनीचा संबंध नाही. राज्याराज्यांत मेळ घालण्याचे काम केंद्रीय गृह मंत्रालयाखालच्या पोलीस वायरलेस समन्वय संचालनालयाकडे आहे. ही संस्था १९४६ सालची, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधीची.

स्कॅनर काय करतो

साधा रेडिओ एका केंद्रावर थांबतो. स्कॅनर थांबत नाही. त्याच्या स्मृतीत वाहिन्यांची यादी असते. तो एकेका वाहिनीवर क्षणभर थबकतो, तिथे लहर आहे का पाहतो, नसेल तर पुढे जातो. सेकंदाला ५० वाहिन्या तपासणारा स्कॅनर १०० वाहिन्यांची फेरी दोन सेकंदांत पुरी करतो. लहर सापडली की थांबतो आणि आवाज सोडतो. 'लहर आहे की नाही' हे ठरवणाऱ्या मंडलाला स्क्वेल्च म्हणतात. ते नसते तर रिकाम्या वाहिनीवरची खरखर सतत कानात राहिली असती. संदेशाच्या सुरुवातीला आणि शेवटी जी छोटी खरखर ऐकू येते, ती हे दार उघडताना व मिटतानाची.

एफएम पद्धतीचा एक गुण इथे सांगायला हवा. दोन संचांनी एकाच वाहिनीवर एकदम बटण दाबले, तर दोन्ही आवाज मिसळून ऐकू येत नाहीत. जास्त जोराचा सिग्नल दुसऱ्याला गिळून टाकतो. त्यामुळेच वायरलेसवर 'ओव्हर' म्हणण्याची, आधी ऐकून मग बोलण्याची शिस्त लागते. ती पाळली नाही तर मदत मागणाऱ्याचा आवाज कुणालाच न कळता नाहीसा होऊ शकतो.

२०१२ च्या सुमारास या विषयात मोठा बदल झाला. संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी काढलेल्या एका स्वस्त यूएसबी कांडीतील चिप कच्चे नमुने जसेच्या तसे संगणकाकडे पाठवू शकते, हे हौशी मंडळींच्या लक्षात आले. मग रेडिओचे बाकीचे काम, म्हणजे गाळणे, निवडणे, आवाज काढणे, सॉफ्टवेअरने होऊ लागले. याला सॉफ्टवेअर रेडिओ म्हणतात. आकडे बघा. ही कांडी सेकंदाला साधारण २४ लाख नमुने देते. प्रत्येक नमुन्यात दोन बाइट, म्हणजे सेकंदाला ४८ लाख बाइट. या नमुन्यांतून २.४ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा एका वेळी दिसतो. एक आवाजी वाहिनी १२.५ किलोहर्ट्झची धरली तर २४०० भागिले १२.५, म्हणजे १९२ वाहिन्या एकाच वेळी पडद्यावर! जुना स्कॅनर एकामागून एक दारे ठोठावतो, इथे सगळी आळी एकदम दिसते. दूरसंचार शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी याच्याइतके स्वस्त आणि चांगले प्रयोगसाधन मला तरी माहीत नाही. मात्र हेच साधन आता कुणाच्याही खिशात मावते, म्हणून कायद्याचा प्रश्न प्रयोगशाळेपुरता राहिलेला नाही.

अंकीय संचांविषयी थोडक्यात. डीएमआर किंवा टेट्रा यांसारख्या पद्धतींत आवाजाचे आधी आकडे होतात आणि मग ते पाठवले जातात. त्यावर कूटलेखन चढवले की स्कॅनरवर फक्त करकरणारा आवाज येतो. तरीही कोणती वाहिनी कधी गजबजली हे बाहेरच्याला दिसतेच. मजकूर न कळताही वर्दळीवरून बरेच ओळखता येते, हे लक्षात ठेवा. याचा संबंध पुढे येतो.

ऐकणारा कोण आहे

महामार्गावरच्या वायरलेसवर बहुतेक वेळ रटाळ बोलणे चालते. अमुक किलोमीटरच्या दगडाशी ट्रक बंद पडला, रस्त्यावर मोकाट गुरे बसली आहेत, मंत्र्यांचा ताफा इतक्या वाजता निघाला, क्रेन पाठवा. मग मधेच अपघात होतो आणि त्याच आवाजात गाडीचा क्रमांक, चालकाच्या परवान्यावरचे नाव, गाव, 'एक जागीच' असे शब्द येतात. त्या क्षणी घरच्यांना काहीच माहीत नसते. ते आधी वसतिगृहाच्या गच्चीवर बसलेल्या कुणा हौशी श्रोत्याला कळावे आणि तिथून दोन मिनिटांत गटागटांत फिरावे, हे कसे वाटते याचा विचार करा. गंमत म्हणून ऐकणाऱ्याला हा भाग आधी सुचतच नाही.

छत्तीसगडमध्ये आणि शेजारच्या गडचिरोलीत याला आणखी एक, जास्त गंभीर बाजू आहे. बस्तरमध्ये चकमकींनंतर जप्त झालेल्या सामानाच्या याद्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे येत राहिल्या. त्यांत बंदुका, तारा, औषधे यांच्या बरोबरीने वॉकीटॉकी आणि स्कॅनर वारंवार दिसतात. माओवाद्यांना स्कॅनर कशासाठी हवा होता हे सांगायला नको. जंगलातून निघालेली तुकडी कोणत्या वाटेने परतते आहे हे वायरलेसवरून कळले, तर ते सुरुंग पेरणाऱ्याच्या उपयोगाचे. वर म्हटलेली वर्दळ इथे आठवा. शब्द कळले नाहीत तरी अचानक वाढलेले बोलणे हाच संदेश ठरतो. केशकालच्या घाटातून जाणारा महामार्ग ३० याच प्रदेशात उतरतो. म्हणून रायपूरला एखाद्या विद्यार्थ्याच्या खोलीत पोलिसांच्या वाहिन्या भरलेला स्कॅनर सापडला, तर 'छंद आहे' हे उत्तर किती पुरेल याचा अंदाज तुम्हीच करा.

कायदा

तुमच्या आजी-आजोबांना विचारा. एके काळी घरात साधा रेडिओ ठेवायलाही लायसन्स लागे, ते पोस्टात जाऊन दरवर्षी नवे करावे लागे. १९८० च्या दशकात ती पद्धत बंद झाली. त्यामागे भारतीय बिनतारी तारायंत्र कायदा, १९३३ होता. त्याचे तत्त्व असे : बिनतारी संदेशवहनासाठी वापरता येण्याजोगे यंत्र परवान्याशिवाय जवळ बाळगणे हाच गुन्हा. तुम्ही त्यावर काही ऐकले की नाही, हा नंतरचा प्रश्न.

दूरसंचार कायदा, २०२३ ला २४ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्याच्या व्याख्येनुसार दूरसंचार म्हणजे संदेश पाठवणे आणि ग्रहण करणे, दोन्ही. कलम ३ प्रमाणे रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी केंद्र सरकारचे प्राधिकारपत्र किंवा सूट हवी. कलम ४२ प्रमाणे बेकायदा रीतीने संदेश मधेच टिपणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे.

वर्गात यावर नेहमी एक युक्तिवाद होतो : 'तरंग माझ्या छतावर आपण होऊन आले, मी फक्त ऐकले, यात चोरी कसली?' युक्तिवाद हुशारीचा आहे, पण टिकत नाही. पोस्टमनने शेजाऱ्याचे पत्र चुकून तुमच्या दारात टाकले म्हणून ते फोडून वाचायचा हक्क तुम्हाला मिळत नाही. संदेश कोणासाठी होता हे कायदा पाहतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या रेडिओ नियमावलीतील अनुच्छेद १७ हेच सांगतो : सर्वसामान्यांसाठी नसलेले रेडिओ संदेश अनधिकृतपणे टिपण्यास सदस्य देशांनी मनाई करावी. ब्रिटनमध्ये २००६ च्या बिनतारी कायद्याचे कलम ४८ अशीच बंदी घालते. अमेरिकेत कूटलेखन नसलेला पोलीस रेडिओ ऐकायला संघराज्याचा कायदा मुभा देतो, मात्र न्यूयॉर्कसारखी काही राज्ये गाडीत असा संच ठेवण्यावर निर्बंध घालतात. न्यूयॉर्क शहराच्या पोलिसांनी २०२३ पासून वाहिन्या कूटलेखनात न्यायला सुरुवात केली तेव्हा पत्रकारांनी मोठा विरोध केला. म्हणजे अमेरिकेची पद्धत हा अपवाद आहे, आणि तोही आकसत चालला आहे.

ऑनलाइन दुकानात मिळते म्हणजे चालते, असेही समजू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये परवान्याची माहिती न देता वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन मंचांना नोटिसा पाठवल्या आणि त्याच महिन्यात अशा विक्रीसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या छोट्या पट्ट्यातले कमी ताकदीचे संच परवानामुक्त आहेत. पोलिसांच्या पट्ट्यावर लागणारे संच त्यात बसत नाहीत.

मग कान कुठे लावायचा

सरळ मार्ग हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा. वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देता येते. परवाना दिल्लीच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडून मिळतो, त्याबरोबर स्वतःचे संकेतनाव मिळते. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा हौशींसाठी आहे. तो पोलिसांच्या पट्ट्याला इतका जवळ आहे की वर शिकलेले सगळे, चौथ्या हिश्शाची काठी, क्षितिज, रिपीटर, स्क्वेल्च, तिथे जसेच्या तसे पडताळून पाहता येते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरची हौशी केंद्रही १४५.८०० मेगाहर्ट्झवर बोलते आणि कधी कधी चित्रे पाठवते. ते सगळ्यांनी ऐकावे म्हणूनच पाठवलेले असते. तुमच्या महाविद्यालयात सॉफ्टवेअर रेडिओची कांडी असेल तर विभागाच्या परवानगीने ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या एफएम केंद्रांपासून सुरुवात करा.

पण काहींना पोलिसांचा वायरलेस तंत्रासाठी नको असतो. त्या रात्री नेमके काय घडले, मदत केव्हा मागितली, केव्हा निघाली, हे त्यांना कळायला हवे असते. ही मागणी अगदी योग्य आहे आणि तिच्यासाठी स्कॅनर लागत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी माहिती अधिकाराखाली पोलीस नियंत्रण कक्षातील वायरलेस संभाषणाच्या नोंदी मागितल्या. त्या मिळवल्या, वेळा जुळवल्या आणि पत्रकार विनीता देशमुख यांच्यासह २००९ मध्ये 'टू द लास्ट बुलेट' हे पुस्तक लिहिले. नियंत्रण कक्षाने काय ऐकले आणि त्यावर काय केले, हा प्रश्न त्या नोंदींच्या आधारे जाहीरपणे विचारला गेला. कुणा हौशी श्रोत्याच्या टिपणाला तेवढे वजन आले नसते.

माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम २ (च) मधील 'माहिती'च्या व्याख्येत रोजवह्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. वायरलेसच्या नोंदवह्या त्यात येतात. तपास चालू असेल किंवा सुरक्षेचा प्रश्न असेल तर कलम ८ खाली नकार मिळू शकतो, आणि त्यावर अपील करता येते. अर्जाला ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. एखाद्याच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत.

स्वाध्याय

१. नवा रायपूरमधील एका इमारतीच्या गच्चीवर, जमिनीपासून १६ मीटरवर अँटेना आहे. ३६ मीटर उंचीच्या रिपीटरचा आणि सव्वादोन मीटर उंचीच्या जीपचा संदेश तिथे किती किलोमीटरवरून पोहोचेल, ते वेगवेगळे काढा. (उत्तर : सुमारे ४१.२ आणि २२.७ किलोमीटर.) जीपचा स्वतःचा सिग्नल पोहोचत नसतानाही तिचा आवाज ऐकू येऊ शकतो, तो कसा?

२. वाहिनीची रुंदी २५ किलोहर्ट्झवरून १२.५ वर आणली तर त्याच २.४ मेगाहर्ट्झमध्ये किती वाहिन्या वाढतात?

३. तुमच्या जिल्ह्यातील महामार्गावर झालेल्या एका अपघाताच्या बातमीत पोलीस आणि १०८ ची रुग्णवाहिका केव्हा पोहोचली याची वेळ दिली आहे का ते पाहा. दिली नसेल, तर ती कळण्यासाठी कोणत्या कार्यालयाकडे, कोणत्या नोंदवहीची प्रत मागाल, तो अर्ज दहा ओळींत लिहा.